आकड्यालाही फेरफार हवा

२०२४ च्या ऑक्टोबरात अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. पाट्या बदलल्या, शिक्के बदलले, कागदांच्या माथ्यावरचे नाव बदलले. आकडे मात्र जागचे हलले नाहीत. शहराचा टेलिफोन कोड ०२४१, पिनकोड ४१४००१, नगरच्या गाड्यांवर एमएच १६ आणि श्रीरामपूरकडच्या गाड्यांवर एमएच १७, २०११ च्या जनगणनेने जिल्ह्याला दिलेला क्रमांक ५२२, सगळे होते तसेच राहिले. नीट बांधलेल्या संगणक प्रणालीत जिल्हा नावाने नव्हे, अशा क्रमांकाने ओळखला जातो. त्यामुळे नाव एका ठिकाणी बदलले की पुरते. त्या क्रमांकाला जोडलेल्या नोंदींना हात लावावा लागत नाही.

यातला एकच आकडा घ्या, ०२४१. तो संगणकात जपून ठेवायचा आहे. दिसायला आकडाच, म्हणून कोणी तो ‘पूर्णांक’ या प्रकारात ठेवला, तर पुढचे शून्य गळते आणि २४१ उरतो. जावास्क्रिप्ट या भाषेचा जुना रिवाज असा, की शून्याने सुरू होणारा आकडा दहाच्या नव्हे तर आठच्या पटीत वाचायचा. तिथे ०२४१ लिहिले की संगणक १६१ समजतो. आणि ज्या जेसन नावाच्या फाइलीत आजकाल कितीतरी सॉफ्टवेअरची सेटिंग्ज राहतात, तिथे पुढे शून्य असलेला आकडा लिहायलाच परवानगी नाही. तिन्ही ठिकाणी नगरचा कोड हरवतो.

आकडा जपण्याचा हा प्रश्न जिल्ह्यातल्या मुलांपुढेही येतो. लोणी, संगमनेर, कोपरगाव इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून गेली चार दशके मुले बाहेर पडत आहेत. आजची मुले पहिल्या-दुसऱ्या वर्षापासून ज्या संपादकात, म्हणजे एडिटरमध्ये, प्रोग्राम लिहितात, तो बहुतेकदा व्हीएस कोड असतो. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये तो आणला. त्याला स्वतःची छोटी जोडणी, म्हणजे एक्स्टेन्शन, लिहिता येते, आणि हौशी विद्यार्थी ती लिहितातही. अशा जोडणीत एखादा पूर्णांक जपायची वेळ लगेच येते: ओळ किती जागा सोडून सुरू करायची, किती सेकंदांनी फाइल आपोआप साठवायची, यादीत किती नावे दाखवायची. काम किरकोळ दिसते. पण ते करण्याची जी शिस्त या संपादकाने घालून दिली आहे, ती पाहण्यासारखी आहे.

तिथे नुसते ‘३०’ लिहून भागत नाही. जोडणी लिहिणाऱ्याला एका फाइलीत जाहीर करता येते की हा पूर्णांक आहे, मुळात किती धरायचा, कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती चालेल, आणि माणसाच्या भाषेत त्याचा अर्थ काय. सेटिंगच्या पानावर कोणी मर्यादेबाहेरचा आकडा टाकला, तर तिथल्या तिथे सूचना येते. तो सगळ्या कामांना लागू की फक्त हातातल्या एका प्रकल्पाला, हेही जपताना सांगता येते. त्याच कंपनीच्या जुन्या, मोठ्या व्हिज्युअल स्टुडिओत पूर्णांक साठवण्यासाठी वेगळी क्रिया आहे आणि तिच्या नावातच ३२ हा आकडा आहे. म्हणजे ३२ बिटांची जागा. तिच्यात २,१४,७४,८३,६४७ च्या वरचा आकडा मावत नाही. आधी कप्पा तयार केला नसेल, तर साठवण्याची क्रिया चूक दाखवून थांबते.

एक कच्चा दुवा मात्र राहतो. व्हीएस कोडच्या सेटिंगची फाइल कोणी थेट उघडून हाताने वाटेल तो आकडा लिहिला, तर खाली नागमोडी रेघ उमटते, पण आकडा अडवला जात नाही. जोडणीने तो वाचताना स्वतः तपासायचा असतो. नवखा प्रोग्रामर हेच विसरतो. जपताना तपासले म्हणजे वाचताना तपासायची गरज नाही, असे तो धरून चालतो.

संपादकातली ही शिस्त चुकली तर ओळ चार जागा सरकते, एवढेच. तीच शिस्त दूध संकलन केंद्रात चुकली तर घराचे गणित सरकते. आणि नगर जिल्हा दुधाचा जिल्हा आहे.

पहाटेचे केंद्र डोळ्यांसमोर आणा. मोटारसायकलला अडकवलेली किटली उतरते, दूध काट्यावरच्या भांड्यात ओतले जाते, वजनाचा आकडा उमटतो. चमचाभर नमुना मिल्कोमीटर या दूध तपासणाऱ्या यंत्राच्या नळीखाली धरला जातो. मिनिटभरात फॅट आणि एसएनएफचे, म्हणजे फॅट सोडून उरलेल्या घन घटकांचे, आकडे येतात. संगणक दरपत्रकातला दर शोधतो, गुणाकार करतो, पावती फाटून हातात येते. फॅट किती लागली, दर किती बसला, एवढे पाहून माणूस निघतो, कारण मागे रांग आहे आणि घरी वैरण टाकायची आहे. दहा दिवसांनी दुधाचा पगार होतो.

या एका मिनिटात किमान पाच सेटिंग्ज कामाला लागलेली असतात. काटा किती ग्रॅमच्या टप्प्याने वजन दाखवतो. मधला आकडा वर न्यायचा, खाली न्यायचा की जवळच्या टप्प्याला. मिल्कोमीटरला गाय-म्हशीसाठी किती दुरुस्ती दिली आहे. बाजारात सर्रास मिळणाऱ्या अल्ट्रासॉनिक यंत्रांत फॅट आणि एसएनएफ पॉइंटाने वर-खाली करण्याची सोय मेनूतच असते, कारण यंत्र अधूनमधून प्रयोगशाळेच्या तपासणीशी जुळवून घ्यावे लागते. मूळ दर कोणत्या प्रतीचा धरला आहे. आणि त्या प्रतीच्या खाली गेलेल्या प्रत्येक पॉइंटमागे किती कापायचे. यातले एकही पावतीवर दिसत नाही.

पहिलेच घ्या. काटा १०० ग्रॅमच्या टप्प्याचा असेल आणि मधला आकडा जवळच्या टप्प्याला जात असेल, तर कधी थोडे जाते, कधी थोडे येते, वर्षाकाठी फिटते. पण तो प्रत्येक वेळी खालीच जात असेल, तर सरासरी ५० ग्रॅम दर खेपेला जातात. सकाळ-संध्याकाळ मिळून वर्षाच्या ७३० खेपा. साडेछत्तीस किलो दूध. लिटरमागे ३० रुपये धरले तरी हजाराच्या वर रक्कम एका घराची. फरक कशाचा? एका सेटिंगमधल्या एका आकड्याचा, १०० च्या जागी १० असता तर तो दहावा हिस्सा झाला असता.

पॉइंटचे गणित याहून जड आहे. गाईच्या दुधाची प्रत ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून दर जाहीर होतो. एखाद्याच्या दुधाला एसएनएफ ८.२ लागली, म्हणजे तीन पॉइंट खाली. पॉइंटला ३० पैसे कपात असेल तर लिटरमागे ९० पैसे जातात. एक रुपया असेल तर तीन रुपये. रोज वीस लिटर घालणाऱ्याला पहिल्या हिशेबात १८ रुपये, दुसऱ्यात ६०. दहा दिवसांच्या पगारात ४२० रुपयांचा फरक, तोही जाहीर दराला धक्का न लावता. ‘रिव्हर्स पॉइंट’ची कपात ३० पैशांवरून रुपयावर नेली, ही तक्रार २०२३ आणि २०२४ मध्ये दूध उत्पादकांच्या आंदोलनांत पुन्हा पुन्हा आली. २०२४ च्या जुलैत अकोले तालुक्यातल्या कोतूळला शेतकरी महिनाभर धरणे धरून बसले, तेव्हा मागणी लिटरला ४० रुपयांची होती. मिल्कोमीटर आणि काटे तपासण्याची यंत्रणा उभी करा, हीही दूध उत्पादकांची जुनीच मागणी आहे. त्याआधी २०१७ च्या जूनमध्ये राहाता तालुक्यातल्या पुणतांब्यातून शेतकरी संप निघाला, तेव्हाही रस्त्यावर दूधच आले होते. या जिल्ह्याने दराच्या आकड्यासाठी लढे दिले आहेत. दराच्या आत दडलेल्या आकड्यांसाठीही तेवढेच जागे राहायला हवे.

आणि हे आकडे स्थिर नसतात. एकट्या २०२४ चा हिशेब पाहा: वर्षाच्या सुरुवातीला संघांनी २७ रुपये द्यायचे आणि शासनाने ५ रुपये अनुदान, जुलैपासून ३० आणि ५, ऑक्टोबरपासून २८ आणि ७. दर वेळी प्रत्येक केंद्राच्या संगणकात कोणी तरी दरपत्रक बदलले. कोणी, कधी, कोणत्या सकाळच्या दुधापासून, हे सांगणारा कागद किती केंद्रांत निघेल?

चूक व्हायला वाईट हेतू लागत नाही, हे इथे स्पष्ट सांगायला हवे. केंद्र चालवणारा बहुतेक गावातलाच असतो, त्याच्याच घरचे दूध त्याच काट्यावर जाते. चूक प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या भाबडेपणातूनही शिरते. उदाहरण वरच्याच ८.२ चे. दशांश नको, पूर्णांक बरा, असे ठरवून प्रोग्रामरने एसएनएफला १०० ने गुणले आणि पुढचे अपूर्णांक छाटून साठवले. संगणक दोनच्या पटीत मोजतो, ८.२ हा आकडा त्याला तंतोतंत मांडता येत नाही. म्हणून जावास्क्रिप्टमध्ये ८.२ गुणिले १०० केले की ८२० येत नाही, ८१९.९९९९९९९९९९९९९ येते. छाटले की ८१९. दरपत्रक दहाव्या हिश्शाने चालते, म्हणून पुढे ते ८.१ धरले जाते. एक पॉइंट गेला. कपात रुपयाची असेल तर वीस लिटरमागे वीस रुपये, आणि पावतीवर ८.२ च छापलेले. गंमत नव्हे, हा ज्याला हवा त्याने कोणत्याही ब्राउझरमध्ये करून पाहावा असा गुणाकार आहे. ८.३ ला हा त्रास होत नाही. तो ८३० च साठतो. त्यामुळे चाचणी घेणाऱ्याने ८.३ आणि ८.५ टाकून पाहिले तर प्रोग्राम बरोबर वाटतो. उपाय एका शब्दाचा आहे: छाटू नका, जवळच्या पूर्णांकाला न्या. पैसेही रुपयांत नको, पैशांत साठवा.

पूर्णांकात काय ठेवू नये, याचा धडाही २०२४ च्या त्या दूध अनुदानाने दिला. अनुदानासाठी गाईच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा नंबर नोंदवणे सक्तीचे होते. तो नंबर बारा अंकी असतो. ३२ बिटांच्या जागेत मावणारा सर्वांत मोठा आकडा दहा अंकी आहे. म्हणजे बिल्ल्याचा नंबर तिथे शिरतच नाही. एक्सेलच्या साध्या रकान्यात तो टाकला की त्याचा १.२३ई+११ असा घातांकी आकार दिसू लागतो आणि तसाच उतरवून घेतला तर शेवटचे अंक गेले. बिल्ल्याच्या नंबरांची कोणी बेरीज करत नाही, वजाबाकी करत नाही. ज्याची बेरीज करायची नाही तो आकडा नव्हे, ते नाव आहे, आणि ते नावासारखे अक्षरांत ठेवायचे. ०२४१ ची गोष्ट हीच.

मग एककाचा प्रश्न. सेटिंगच्या चौकटीत ‘३०’ आहे. तीस पैसे की तीस रुपये? चौकटीला नुसते ‘रेट’ असे नाव असेल तर माहीतगार माणूस रजेवर गेल्या दिवशी घोळ ठरलेला. जमिनीत तर हे पिढ्यान्‌पिढ्यांचे दुखणे आहे. माणसे एकर-गुंठ्यांत बोलतात, सातबारा हेक्टर-आरमध्ये बोलतो. एक एकर म्हणजे ४० गुंठे, पण ४०.४७ आर. कोणी एकराचे चाळीस आर लिहून मोकळा झाला, तर साधारण ४७ चौरस मीटर कागदावरून नाहीसे होतात. बांधावरून डोकी फुटतात ती याहून कमी जागेसाठी. १९९९ मध्ये नासाचे मंगळाकडे गेलेले एक यान गमावले ते याच कारणाने: एका बाजूने पौंडात दिलेला आकडा दुसऱ्या बाजूने न्यूटनमध्ये वाचला.

पण सातबाऱ्याने एक गोष्ट फार पूर्वी बरोबर केली, आणि ती सॉफ्टवेअरवाल्यांनी डोळ्यांसमोर ठेवावी. सातबाऱ्यावरचा आकडा खोडून नवा लिहिता येत नाही. आधी गाव नमुना सहामध्ये फेरफार पडतो. त्याला क्रमांक असतो, तारीख असते, बदल कशाच्या आधारे हे लिहिलेले असते. ज्यांचा संबंध आहे त्यांना नोटीस जाते, हरकतीला मुदत मिळते, मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतो, आणि मगच सातबाऱ्यावर नवी नोंद येते, शेजारी फेरफाराचा क्रमांक घेऊन. जुनी नोंद कंसात जाते, पुसली जात नाही. उतारे संगणकावर चढवताना लिहिण्याच्या चुका राहिल्या, तर त्यासाठी जमीन महसूल संहितेचे कलम १५५ आहे. त्या दुरुस्तीलाही आदेश लागतो. या व्यवस्थेत दिरंगाई आहे, हेलपाटे आहेत, हे कोणीही शेतकरी सांगेल. तरी वीस वर्षांनी मागे जाऊन ‘हे क्षेत्र कधी आणि का बदलले’ असे विचारता येते आणि उत्तर मिळते.

प्रोग्रामरांकडेही फेरफाराची वही आहे. तिचे नाव गिट. लिनस टोरवाल्ड्सने २००५ मध्ये ती तयार केली. प्रकल्पाच्या सेटिंगची फाइल गिटमध्ये ठेवली की कोणता आकडा कोणी, कधी, कशाचा कशात बदलला, हे ओळीओळीने दिसते. म्हणजे संगमनेरच्या वसतिगृहात बसून एखाद्या विद्यार्थ्याने केलेल्या जोडणीतल्या ‘चार जागा सोडा’ या सेटिंगला फेरफार आहे. त्याच्या घरच्या जमिनीला फेरफार आहे. त्याची आई ज्या काट्यावर रोज दूध घालते, त्या काट्यामागच्या आकड्यांना मात्र नाही. हे चूक आहे, आणि दुरुस्त करायला अवघडही नाही.

कायद्याचा आधार निम्मा तयार आहे. तो २००९ च्या वैध मापन कायद्याचा. इलेक्ट्रॉनिक काट्याची वर्षातून एकदा पडताळणी करून शिक्का मारावा लागतो. तो शिक्का काट्याच्या पेटीवर असतो. पेटीला जोडलेल्या संगणकातले दरपत्रक, छाटायचे की जवळच्या टप्प्याला न्यायचे हा निर्णय, मिल्कोमीटरची दुरुस्ती, यांनाही पडताळणीच्या दिवशी कागदावर उतरवून घेतले पाहिजे. वजन बरोबर आणि गुणाकार चुकीचा, तर शिक्क्याचा काय उपयोग?

केंद्रांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्यांनी प्रत्येक सेटिंगला मराठीत नाव द्यावे, नावातच एकक घालावे: ‘एसएनएफ कपात, पैसे प्रति पॉइंट’. मर्यादा घालाव्यात, पॉइंटला दोनशे पैशांच्या वरचा आकडा यंत्राने विचारल्याशिवाय घेऊ नये. आकडा वाचताना पुन्हा तपासावा. बदल झाला की जुना आकडा, नवा आकडा, तारीख, वेळ आणि बदलणाऱ्याची खूण अशी ओळ आपोआप पडावी, आणि ती ओळ पुसण्याची सोयच ठेवू नये. हे करायला नवे यंत्र लागत नाही. एका विद्यार्थ्याच्या सहामाही प्रकल्पाएवढे काम आहे, आणि जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी ते प्रकल्प म्हणून द्यावे. उपस्थितीची आणि ग्रंथालयाची तीच ती ॲप्स पुन्हा पुन्हा करण्यापेक्षा दोन कोसांवरच्या केंद्राचे दरपत्रक तपासणारा प्रोग्राम केव्हाही मोलाचा.

दूध संघांनी सुरुवात पावतीपासून करावी. वजन, फॅट, एसएनएफ आणि रक्कम यांच्याखाली आणखी एक ओळ बसते: मूळ प्रत ३.५/८.५, कपात पॉइंटला इतके पैसे, दरपत्रक अमुक तारखेपासून, बदल क्रमांक अमुक. सहकाराचे शिक्षण या जिल्ह्याने इतरांना दिले. प्रवरेचा सहकारी साखर कारखाना लोणीत उभा राहिला तेव्हा हिशेब सभासदापुढे उघडा असणे हाच त्याचा पाया होता. आज तो हिशेब यंत्राच्या मेनूत गेला आहे, तर मेनूही सभासदापुढे उघडा असला पाहिजे.

तोपर्यंत दूध घालणाऱ्याने एक करावे. उद्या सकाळी पावती हातात घेताना केंद्रावर विचारावे: पॉइंटला किती कापता, आणि हा आकडा शेवटचा कधी बदलला? उत्तर पावतीच्या मागे तारखेसह लिहून ठेवावे.